नृत्यवेष आणि नित्यवेष

(१)

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कासारवाडी येथें नाशिक फाटा लागतो. तेथून एक रस्ता चिंचवड, देहूरोड, लोणावळें या मार्गानें खंडाळ्याच्या घाटाकडे जातो. दुसरा भोसरी, चाकण, राजगुरुनगर हीं गांवें घेऊन नारायणगांवास पोंचतो. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांमुळें या दोन्ही रस्त्यांवर आज रात्रंदिवस वर्दळ असते. परंतु नृत्याच्या इतिहासाकडे दृष्टि ठेवून पाहिल्यास हे दोन रस्ते दोन निराळ्या परंपरांकडे जातात असें दिसून येईल.

खंडाळ्यास १९४० च्या सुमारास मादाम मेनका यांची 'नृत्यालयम्' ही संस्था होती. मेनका म्हणजे बारिसाल येथें १८९९ सालीं जन्मलेल्या लीला रॉय. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखे यांच्या त्या पत्नी. कथ्थकाचें रीतसर शिक्षण घेऊन त्यांनीं पाश्चात्त्य बॅलेच्या धर्तीवर नृत्यनाट्यें बसविलीं, १९३६ सालीं बर्लिन येथील नृत्यस्पर्धेंत पारितोषिकें मिळविलीं, आणि १९४७ सालीं त्या निवर्तल्या. दुसऱ्या रस्त्यावरील नारायणगांव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या लागतात, आणि आसपासच्या गांवांचे कारभारी यात्रांसाठीं सुपाऱ्या देण्यास येतात. विठाबाई नारायणगांवकर (१९३५–२००२) यांच्या नांवानें तें गांव महाराष्ट्रभर ठाऊक झालें आहे.

एकीकडे बॅले, दुसरीकडे लावणी. दोहोंचा रसिकवर्ग निराळा, आश्रय निराळा. तथापि इतिहासाच्या अभ्यासकानें दोघींस सारखाच विचारण्याजोगा एक प्रश्न आहे: नर्तकीच्या अंगावर जें वस्त्र आहे तें केव्हांपासूनचें, आणि त्यास 'जुनें' म्हणण्यास प्रमाण कोणतें? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. माझें प्रतिपादन थोडक्यांत असें: नृत्यवेष हा बहुधा थांबलेला नित्यवेष असतो. समाजाचा रोजचा किंवा सणावारीं नेसण्याचा वेष नर्तकी उचलते, पायांच्या सोयीसाठीं त्यांत फेर करिते. पुढें समाज तो वेष टाकतो, नर्तकी तो टाकीत नाहीं. आणि मग तो पुरातन वाटूं लागतो. जेथें असा थांबलेला वेष हातीं नसतो तेथें कल्पनेनें किंवा चित्रावरून तो नव्यानें घडविला जातो. या तीन प्रकारांचा विवेक केला नाहीं, तर वेषावरून चित्राचा व चित्रावरून काळाचा निर्णय करतांना हमखास घोटाळा होतो.

(२)

आमच्या शास्त्रकारांनीं वेषाचा विषय गौण मानलेला नाहीं. भरतमुनींनीं अभिनयाच्या चार अंगांत आहार्य हें स्वतंत्र अंग सांगून त्याखालीं पुस्त, अलंकार, अंगरचना व सजीव असें चतुर्विध नेपथ्य वर्णिलें आहे, आणि वेष देश, जाति व अवस्था यांस अनुसरून असावा असा दंडक घातला आहे. कालिदासानें तर हा विषय नाटकाच्या कथानकांतच गोंवला. मालविकाग्निमित्रांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयीं कलह होतो, आणि त्यांच्या शिष्यांचें नृत्य पाहून निर्णय करावा असें ठरतें. निर्णयाचें काम परिव्राजिकेकडे येतें. तेव्हां सर्व अंगांचें सौष्ठव स्पष्ट दिसावें म्हणून पात्रांनीं विरलनेपथ्य होऊन प्रवेश करावा, असें ती सांगते. राजाला मालविका नीट पाहावयास मिळावी हा डाव त्यामागें आहे हें खरें. तरी परिव्राजिकेनें दिलेलें कारण शास्त्रशुद्धच आहे. वस्त्राचा भार नृत्याला झांकतो, आणि नृत्य पारखावयाचें तर वस्त्र हलकें हवें.

विरलनेपथ्य हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पाश्चात्त्य नर्तकीच्या ज्या वस्त्राचा इतिहास पुढें देत आहें, तो एका अर्थी याच शब्दाचें विवरण आहे. मेनका यांनींही १९३९ सालीं नृत्यनाट्यासाठीं हेंच मालविकाग्निमित्र निवडलें होतें, हा योग लक्षांत घेण्यासारखा आहे.

(३)

बॅलेमधील नर्तकीच्या घेरदार, झिरझिरीत झग्यास टूटू म्हणतात. तो फार प्राचीन असावा अशी समजूत आढळते; पण त्याचा जन्मदिवससुद्धां सांगतां येतो. १२ मार्च १८३२ रोजीं पॅरिसच्या ऑपेरांत 'ला सिल्फीद' हें नृत्यनाट्य प्रथम झालें. त्यांत मारी तालियोनी या नर्तकीनें वायुकन्येची भूमिका केली. तिचा वेष अंगाशीं घट्ट बसणारी चोळी आणि पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा, पातळ पांढऱ्या कापडाच्या अनेक थरांचा घागरा असा होता. त्याची योजना यूजेन लामी या चित्रकाराकडे दिली जाते. त्या काळच्या प्रतिष्ठित यूरोपीय स्त्रिया नाचाच्या मेजवान्यांस ज्या धाटणीचा झगा घालीत, त्याचेंच हें हलकें व आंखूड केलेलें रूप होतें. म्हणजे टूटू हा त्या दिवसांतील सणाचा वेषच होय. नांव तर वस्तूच्या मागून आलें: टूटू हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादांत फ्रेंच कोशांत दिसूं लागतो. नांवावरून वस्तूचा काळ ठरवूं नये याचें हें एक उदाहरण.

कापडाचीही कथा आहे. पातळ मलमल यूरोपला हिंदुस्थानानें दाखविली. इंग्रजींतील 'मल' हें एका मऊ सुती कापडाचें नांव आमच्या मलमलीचेंच तोडकें रूप आहे. पुढें यंत्रमागांवर तशीं कापडें तिकडेच निघूं लागलीं. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिरानें १८०८-०९ च्या सुमारास जाळीदार कापड विणण्याचें यंत्र सिद्ध केलें, त्यामुळें पूर्वीं हातानें विणली जाणारी महाग जाळी स्वस्त झाली. थरावर थर चढवून घागरा फुगविणें शक्य झालें तें यामुळें.

तालियोनीच्या शंभर वर्षें आधीं कामार्गो या नर्तकीनें पायांचें चापल्य दिसावें म्हणून आपला झगा घोट्यांच्या वर घेतला होता. तीच गति पुढें चालू राहिली. १८८० नंतर सेंट पीटर्सबर्ग येथें गेलेल्या वीर्जीनिया झुक्की या इटालियन नर्तकीनें घागरा आणखी आंखूड करण्याचा आग्रह धरला. नंतर तो कमरेशीं थाळीसारखा आडवा झाला, आणि त्यास आंतून तारेचें कडें आलें. १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें करिन्स्का या वेषकर्तीनें कडें काढून टाकून मऊ थरांचा नवा टूटू शिवला. परिव्राजिकेचा न्यायच येथें पावलोपावलीं लागू पडत गेला.

उलट दिशेनेंही एक पाऊल पडलें. १९०९ सालीं पॅरिसमध्यें 'ले सिल्फीद' हें नृत्य दाखवितांना फोकीन या नृत्यरचनाकारानें आंखूड टूटू बाजूस सारून तालियोनीच्या काळचा लांब पांढरा घागरा मुद्दाम परत आणला. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वींचा ताजा वेष आतां जुना म्हणून, जुनेपणाच्या गोडीसाठीं, पुन्हां अंगावर चढला. एकाच घागऱ्याचे हे दोन अर्थ आहेत. १८३२ चा घागरा हा आपल्या काळाचा पुरावा आहे. १९०९ चा घागरा हा १८३२ विषयींच्या भावनेचा पुरावा आहे. हा भेद पुढें आपल्याकडील वेषांस लावून पाहावयाचा आहे.

टूटूचा इतिहास इतक्या तपशिलानें सांगतां येतो याचें कारण तिकडे आराखडे, छापील चित्रें आणि प्रत्यक्ष वस्त्रें जपलीं गेलीं. याविषयीं एक हृदयद्रावक उदाहरण आहे. त्या काळीं रंगमंचावर गॅसचे दिवे असत, आणि पातळ कापड क्षणांत पेटे. कापड अग्निरोधक द्रवांत भिजविण्याचा उपाय निघाला होता. पण त्यानें वस्त्र ताठ व मळकट दिसे म्हणून नर्तकी तें नाकारीत. एमा लिव्री या तालियोनीच्या शिष्येनेंही तें नाकारलें. नोव्हेंबर १८६२ मध्यें तालमीच्या वेळीं तिचा घागरा दिव्यास लागून पेटला, आणि आठ महिन्यांच्या यातनांनंतर, वयाच्या विसाव्या वर्षीं, ती मरण पावली. तिच्या अंगावरील वस्त्राचे जळके अवशेष पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहांत ठेवलेले आहेत. त्या चिंध्यांसही कोणी कागदपत्रांचा मान दिला.

(४)

कल्पनेनें घडविलेल्या वेषाचें उदाहरण आमच्याच किनाऱ्यावरून निघतें. पोर्तुगीज भाषेंत नाचणारीस 'बायलादेर' असें म्हणतात. गोव्यांत व इतरत्र देवळाशीं संबद्ध असलेल्या कलावंतिणींस पोर्तुगीजांनीं हाच शब्द लावला. तो फ्रेंच भाषेंत जाऊन 'बायादेर' झाला, आणि फ्रान्समध्यें हिंदी नर्तकी म्हणजे बायादेर असें समीकरण रूढ झालें. १८३० सालीं पॅरिसच्या ऑपेरांत ओबेर याच्या एका संगीतकृतींत तालियोनीनेंच बायादेरची भूमिका केली. १८५८ सालीं तेओफील गोतिए या कवीनें शाकुंतलावरून रचलेलें नृत्यनाट्य त्याच ठिकाणीं झालें. त्याचा नृत्यकार ल्यूसियाँ पेतिपा. त्याचा भाऊ मारियूस पेतिपा यानें १८७७ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें 'ला बायादेर' रंगभूमीवर आणलें. त्यांतील देवळांतील नर्तकी निकिया हिंदुस्थानची, पण तिच्या छायेचें सुप्रसिद्ध नृत्य चालतें तें पांढऱ्या टूटूंत.

तिकडील लोकांस खरा वेष ठाऊक नव्हता, असें म्हणून हा प्रश्न सुटत नाहीं. १८३८ सालीं पुदुच्चेरीजवळच्या देवदासींचें एक पथक पॅरिसला गेलें होतें. गोतिएनें त्यांना पाहिलें, त्यांतील अमनी या नर्तकीविषयीं लिहिलें, आणि एका शिल्पकारानें तिची मूर्तीही घडविली. खरा वेष डोळ्यांसमोर येऊन गेला. तरी पुढील चाळीस वर्षांत रंगमंचावरील बायादेरनें टूटू सोडला नाहीं. रूढ झालेली कल्पना प्रत्यक्ष पुराव्यासही हटत नाहीं, हा यांतील बोध.

चित्रावरून घडविलेला वेष हा तिसरा प्रकार. त्याचें उदाहरण अजिंठ्याचें आहे. आना पावलोवा ही रशियन नर्तकी १९२२-२३ च्या दौऱ्यांत हिंदुस्थानांत आली, आणि १९२३ च्या सप्टेंबरांत लंडनला तिनें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारलेलें नृत्यनाट्य सादर केलें. त्याच वर्षीं उदयशंकर यांच्या साहाय्यानें तिनें राधाकृष्णाचें नृत्यही बसविलें. पुढें आमच्याकडेही नृत्यनाट्यांत लेण्यांतील वेष आणण्याची चाल पडली. पण लेण्यांतील चित्रकारानें काढलें तें रंगाचें वस्त्र. त्याची शिवण, गांठ व वजन चित्रांत नसतात. तीं शिंप्यास आपल्या पदरचीं घालावीं लागतात.

(५)

आतां महाराष्ट्राकडे वळूं. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभीं दरबारी नाचाचीं जीं चित्रें हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं काढलीं गेलीं, त्यांत नर्तकीच्या अंगावर बहुधा पेशवाज दिसतो: वर अंगाबरोबर बसणारा, कमरेपासून अनेक कळ्यांनीं घेरदार होणारा, पातळ कापडाचा झगा, खालीं चुडीदार विजार, खांद्यावर ओढणी. गिरकी घेतली कीं घेर चक्राकार उघडे. मोगल दरबारांतील स्त्रियांचा हा प्रतिष्ठित वेष नर्तकींनीं राखला, म्हणजे हाही थांबलेला नित्यवेषच. मराठ्यांच्या दरबारांतील कलावंतिणी या चालीपासून अलिप्त होत्या असें मानण्यास आधार नाहीं.

पेशवाज म्हणजे पेशव्यांच्या काळचा झगा, अशी एक सोपी व्युत्पत्ति सांगितली जाते. ती टिकत नाहीं. हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ 'पुढून उघडा' असा आहे. पेशवा म्हणजे पुढारी. दोहोंत 'पेश' म्हणजे पुढें एवढाच भाग समान. त्यावरून झग्याचा पुण्याशीं संबंध जुळत नाहीं.

लावणी म्हटली कीं आज डोळ्यांसमोर येते ती काष्ट्याची नऊवारी, आणि तीस 'पेशवाई वेष' म्हणण्याचा प्रघात आहे. येथें दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली: उत्तर पेशवाईंत राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ यांच्या लावण्या ज्या फडांत गाइल्या जात, तेथें नाचण्यास स्त्रीवेषांतील मुलगा, म्हणजे नाच्या पोऱ्या, उभा राही. तमाशाच्या फडांत स्त्रीनें उभें राहण्याची चाल पठ्ठे बापूराव व पवळा यांच्या काळापासून रूढ झाली असें सामान्यतः मानितात. तेव्हां पेशवाईंतील तमाशाची नर्तकी म्हणून जें चित्र आपण मनांत बाळगतों, त्यांतील स्त्रीच पुढील काळची आहे.

दुसरी गोष्ट शब्दाची. जुन्या मराठींत या वस्त्रास लुगडें म्हणत, आणि लांबी हातांनीं सांगत. अठरा हाती लुगडें म्हणजेच आजची नऊवारी. सर्वच लुगडीं त्या लांबीचीं असतां त्यांस नऊवारी हें विशेषण लावण्याचें प्रयोजन नव्हतें. पांचवारी व सहावारी साडी प्रचारांत आली तेव्हांच तें लागलें. टूटूप्रमाणें येथेंही नांव वस्तूच्या मागून आलें आहे. म्हणून एखाद्या कागदांत 'नऊवारी' हा शब्द आढळला आणि कागदावर अठराव्या शतकाची तारीख असली, तर संग्राहकांनीं ती तारीख पुन्हां एकदां तपासावी.

याचा अर्थ लावणीची नऊवारी खोटी असा मुळींच नाहीं. ती थांबलेल्या नित्यवेषाचें उत्तम उदाहरण आहे. ज्या स्त्रिया फडांत उभ्या राहिल्या, त्या घरीं, शेतांत, बाजारांत लुगडेंच नेसत. काष्ट्यानें पाय मोकळे राहतात, पायांतील चाळांचा ठेका स्पष्ट होतो, आणि अंग झांकलेलें असूनही हालचाल लपत नाहीं. विरलनेपथ्याचा हेतु कापड कमी न करितां केवळ नेसणीनें साधणें हें आमच्या स्त्रियांचें कौशल्य होय. शहरांतील नव्या पिढीनें लुगडें सोडलें, नर्तकीनें सोडलें नाहीं, आणि तेव्हांपासून तें लुगडें 'ऐतिहासिक' झालें. 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७), 'पिंजरा' (१९७२) यांसारख्या चित्रपटांनीं तें चित्र घरोघर पोंचविलें. कथ्थकासारख्या घेरदार वेषाच्या नृत्यांत साडी आणण्याचें श्रेयही मेनका यांच्या शिष्या दमयंती जोशी (१९२८–२००४) यांस दिलें जातें.

आतां अवस्था आणखी पुढें गेली आहे. बाजारांत शिवलेली नऊवारी मिळते. विजारीसारखी पायांत चढवावयाची, निऱ्या व काष्टा आधींच टांचलेला. पिंपरीच्या कापडबाजारांत ती घेणाऱ्या मुलींस लुगडें नेसतां येत नाहीं, यांत त्यांचा दोष नाहीं. आयांसही तें येईनासें झालें आहे. शिक्षकीच्या काळांत आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं वेष भाड्यानें आणवीत असूं. शिवाजी महाराजांच्या काळचें पात्र असो, नाना फडणिसांच्या काळचें असो, कीं तमाशांतील असो, ज्या पेट्या येत त्यांवर 'पेशवाई' अशी एकच चिठ्ठी असे. दीडशें वर्षें एका पेटींत बसत. १९०९ च्या घागऱ्याप्रमाणें ही नऊवारी त्या काळाचा पुरावा नसून त्या काळाविषयींच्या आपल्या प्रेमाचा पुरावा आहे. प्रेमास हरकत नाहीं. त्यास प्रमाण म्हणून पुढें करूं नये, इतकेंच.

२०१५ सालीं 'बाजीराव मस्तानी' या चित्रपटांतील 'पिंगा' या नृत्यावरून मोठा वाद झाला. काशीबाई व मस्तानी यांना एकत्र नाचतांना दाखविणें व त्यांचे वेष इतिहासास धरून नाहींत, असे आक्षेप निघाले, आणि कलाकृतीस स्वातंत्र्य हवें असें उत्तर आलें. वादांत कोणाचा पक्ष बरोबर होता हें येथें सांगावयाचें नाहीं. परंतु कोणतें वस्त्र, कोणत्या सालचें, कोणत्या प्रमाणावरून, हे तीन प्रश्न अशा वादांत सहसा कोणी विचारीत नाहीं, ही गोष्ट आम्हां अभ्यासकांनीं मनास लावून घेण्यासारखी आहे. आम्ही प्रमाण सिद्ध ठेविलें असतें तर प्रश्न विचारले गेले असते.

(६)

तें प्रमाण कोठें शोधावें? पहिली जागा दप्तरांतील जामदारखान्याचे हिशेब व घरगुती खर्चाच्या वह्या. कापडाचें नांव, हात, किंमत, कोणास व कोणत्या प्रसंगीं दिलें, हें ज्या नोंदींत असतें त्या नोंदी राजकारणाच्या पत्रांपुढें बिनमोलाच्या समजून बाजूस ठेवल्या जातात. नृत्यवेषाच्या इतिहासास त्यांहून मोलाचें साधन दुसरें नाहीं.

दुसरी जागा संग्रहालयें. दिनकर गंगाधर केळकर यांनीं (१८९६–१९९०) वज्र्या, अडकित्ते, दिवे अशा घरगुती वस्तु आयुष्यभर वेंचून पुण्यांत संग्रहालय उभें केलें, तेव्हां कोठें त्या वस्तूंस इतिहास आहे हें लोकांस पटलें. तमाशाच्या फडांतील जुनीं लुगडीं, चाळ व पेट्या यांस अद्याप असा कैवारी हवा आहे. पेशवाईंतील वस्त्र मिळेल न मिळेल. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीं नारायणगांवच्या राहुटींत नेसलेलें लुगडें आज मिळूं शकतें, आणि तें नेसून दाखविणारी वृद्ध कलावंतीणही अजून भेटूं शकते. नेसण्याची रीत कागदावर उतरवून घेण्याचें काम तर आजच करावें लागेल. कापड पेटींत टिकतें, नेसण हातांबरोबर जाते.

तिसरी जागा या त्रैमासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरींच आहे. आपण पोथ्या जमवितों, त्यांचीं पत्रें मोजतों, अक्षराचें वळण पाहतों, लेखकाची पुष्पिका उतरून घेतों. आणि ज्या बासनांत पोथी आली तें जीर्ण झालें म्हणून टाकून नवें पांढरें कापड घालितों. तीं बासनें अनेकदां जुन्या लुगड्याचे, शेल्याचे, झग्याचे तुकडे असत. काठाचा विणकर, रंग, शिवणीची खूण, कळीचा कापलेला आकार हें सर्व त्यावर असूं शकतें. आणि पोथीवर शक असेल तर त्या तुकड्यासही काळाची एक बाजू मिळते. पॅरिसकरांनीं जळक्या चिंध्या ठेवून घेतल्या. आमच्याकडे एखादी गोष्ट मागें टाकावयाची तर ती बासनांत गुंडाळून ठेविली असें म्हणतात. यापुढें पोथी सोडाल तेव्हां बासनाचें मोजमाप घ्यावें, काठ व शिवण पाहावी, कोणत्या पोथीचें तें टिपावें, आणि पोथीबरोबर क्रमांक देऊन जपावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.